फोलेगांद्रोस की तीलोस? ग्रीसमधलं शांत बेट निवडताना

ग्रीसला जायचं ठरलंय, सँटोरिनीची गर्दी नकोय आणि चार-सहा दिवस एखाद्या लहान बेटावर निवांत काढायचेत, असं कुणी विचारलं की मी दोन नावं सांगते: सिक्लाडीझ बेटसमूहातलं फोलेगांद्रोस आणि ऱ्होड्स व कॉस या बेटांच्या मधलं तीलोस. दोन्हींवर विमानतळ नाही. बोटीनेच जावं लागतं, आणि त्यांची शांतता टिकलीय ती बरीचशी त्यामुळेच. पण ही शांतता एकाच जातीची नाही. फोलेगांद्रोसची शांतता गावातली आहे, तीलोसची रानातली. हा फरक लक्षात घेतला नाही तर बेट चांगलं असूनही आपली निवड चुकते.

फोलेगांद्रोसचं मुख्य गाव होरा. (ग्रीक बेटांवर मुख्य गावाला बहुतेक ठिकाणी होराच म्हणतात.) समुद्रापासून सुमारे दोनशे मीटर उंच कड्याच्या अगदी काठावर ते वसलंय. गावाचा सर्वात जुना भाग म्हणजे कास्त्रो. मध्ययुगात समुद्री चाच्यांच्या भीतीने इथली घरं अशी खेटून बांधली की त्यांच्या पाठीमागच्या भिंतींचाच तट झाला. आजही त्या घरांत माणसं राहतात, बाहेरच्या जिन्यांवर कुंड्या मांडलेल्या असतात. कास्त्रोबाहेर एकाला लागून एक छोटे चौक आहेत. त्यांत झाडं, झाडांखाली टेबलं आणि गाड्यांना मज्जाव. मुलं खेळताहेत, म्हातारी माणसं गप्पा मारताहेत, अशी संध्याकाळ तिथे सहज सरते. गावावरच्या टेकडीवर पानाइयाचं, म्हणजे मदर मेरीचं, पांढरं चर्च आहे. तिथवर नागमोडी पायवाट जाते. सूर्यास्ताला सगळेच वर जातात, म्हणून मी सकाळी लवकर जायला सांगेन.

खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये या चौकांत टेबल मिळायला थांबावं लागतं, आणि राहण्याचा खर्च तीलोसपेक्षा जास्त येतो. तेव्हाही शांतता हवी असेल तर बसने आनो मेरियाला जा. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, विखुरलेली घरं, आणि वाऱ्यापासून एकेका लिंबाच्या झाडाला जपायला रचलेले गोल दगडी कोट तिथे दिसतात.

तीलोसला उतरल्यावर असं डोळ्यांत भरणारं काही दिसत नाही. लिवादिया हे बंदराचं गाव साधं आहे: एक लांब गोट्यांचा किनारा, त्याला लागून सपाट रस्ता, काही खानावळी. बेटाचं मोल कळतं ते चालायला लागल्यावर. इथे १९९३ पासून शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पक्षी भरपूर आहेत. एलेनोराचा ससाणा इथल्या कड्यांवर घरटी करतो. बेटाच्या आतल्या भागात मिक्रो होरियो हे ओस पडलेलं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लोक हळूहळू खाली लिवादियाला उतरले. आता तिथे छपरं कोसळलेली घरं उभी आहेत आणि त्यांच्यामधून शेळ्या फिरतात. दिवस मावळताना तिथे उभं राहिलं की आपलाही आवाज आपोआप खाली येतो.

याच बेटावरच्या खारकादियो गुहेत १९७१ मध्ये ठेंगू हत्तींची हाडं सापडली. मोठ्या हत्तींचे वंशज बेटावर अडकून पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, त्यांची ती हाडं. मुलं बरोबर असतील तर ही एक गोष्ट तीलोसच्या बाजूने पारडं झुकवायला पुरेशी आहे. शिवाय एक पवनचक्की, सौर पॅनल आणि मोठी बॅटरी यांच्या जोरावर बेटाला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा तिथेच तयार होतो. कचराही घरोघरी वेगळा करून दिला जातो, पाहुण्यांनीही तो करायचा असतो.

पोहण्यासाठी तीलोसवर एरिस्तोसचा लांब, वाळूचा किनारा आहे. फोलेगांद्रोसवर अगालीपर्यंत बस जाते, पण कातेर्गोसारख्या सुंदर किनाऱ्यासाठी बोट करावी लागते नाहीतर उन्हात पायपीट.

आई-वडील बरोबर असतील तर मी विचार न करता तीलोस म्हणेन, कारण लिवादियात चढउतार फारसा नाही. दोघंच असाल आणि तीनच रात्री असतील तर फोलेगांद्रोस. आठवडा असेल तर पुन्हा तीलोस, कारण फोलेगांद्रोस चौथ्या दिवशी पाहून संपल्यासारखं वाटू शकतं.

शाकाहारी मंडळींची आबाळ कुठेच होत नाही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, शिवाय काबुल्यांची आमटी. फोलेगांद्रोसवर मात्साता ही हाताने केलेली शेवई सशाच्या किंवा कोंबड्याच्या रश्शात देतात. मटणाशिवाय, नुसत्या टोमॅटोच्या रश्शात मिळेल का, ते आधी विचारा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, हा शब्द उपयोगी आहे, मात्र तिथल्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतं. म्हणून ‘भाजीचंच हवं’ हेही सांगा.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर दोन्ही बेटं सोडा. तोवर बरीच हॉटेलं बंद झालेली असतात आणि बोटी कमी होतात. १५ ऑगस्टला आपल्याकडे सुट्टी असते म्हणून निघू नका, तो तिकडे मेरीचा मोठा सण असतो आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. फोलेगांद्रोसहून निघालात तर अथेन्सला, तीलोसहून निघालात तर ऱ्होड्सला एक मुक्काम राखून ठेवा.