आधी कोणतं वाचावं: 'रॉट अँड रुइन' की 'द एनिमी'?

माझी भाची उदगीरची. दहावी झाल्यावर लातूरला होस्टेलवर आली, नीटची तयारी करते. रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडं. ताट उचललं की ती पुस्तकांच्या कपाटापुढं फतकल मारते. मागच्या महिन्यात तिनं दोन जाड पुस्तकं बाहेर काढली आणि विचारलं, "मावशी, ह्यातलं आधी कोणतं घेऊ? मला झॉम्बीचंच वाचायचंय. वर्गातल्या पोरी दोन्ही चांगलेच म्हणायल्यात."

तिच्या हातात वेळ असतो तो रात्रीचा अर्धा तास. त्यात महिन्याला एक पुस्तक झालं तर झालं. चुकीचं पुस्तक पडलं तर महिना जातो, आणि ह्या वयात वाचनावरून एकदा मन उडालं की ते परत बसवणं अवघड. म्हणून मी तिच्याकडून आठवडा मागून घेतला आणि दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय. हाच प्रश्न घेऊन बसलेले आईबाप, मामा-मावश्या आणि खुद्द ती पोरं आसपास बरीच आहेत.

आधी त्या शब्दाचं. मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. इंग्रजीतला झॉम्बी हा हैतीतल्या लोकसमजुतींतून आलेला, मेलेला तरी चालणारा देह. आपल्याकडं प्रेतात शिरणारा वेताळ आहे, पण वेताळ बोलतो, गोष्टी सांगतो, कोडी घालतो. झॉम्बी बोलत नाही, कुणाला ओळखत नाही, चावतो तेवढं. त्यामुळं चारशे पानं नुसत्या झॉम्बीवर तगत नाहीत. चांगल्या लेखकाच्या हातात ती पानं आपल्या मराठीतल्या झोंबीनंच भरतात: माणसाची भुकेशी, शेजाऱ्याशी आणि गेलेल्यांच्या आठवणीशी.

'रॉट अँड रुइन' जोनाथन मॅबेरी ह्या अमेरिकन लेखकाचं, २०१० सालचं. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात कुंपण घालून राहिलेलं एक छोटं गाव आहे. मेलेली माणसं उठली त्या रात्रीला चौदा वर्षं झालीत. कुंपणाबाहेरच्या साऱ्या मुलखाला लोक रॉट अँड रुइन म्हणतात, म्हणजे सडकं, उद्ध्वस्त रान. बेनी पंधरा वर्षांचा झालाय, आणि गावचा नियम असा की पंधराव्या वर्षी काम धरायचं, नाहीतर रेशन निम्मं. पोरगा कामं शोधत फिरतो ती प्रकरणं मला फार आवडतात. कुलपं बसवणाऱ्याकडं जातो. ह्या गावात लोक झोपायच्या खोलीला कुलूप लावतात, कारण झोपेत कुणी साध्या आजारानं गेलं तरी ते उठतं. मग एका चित्रकाराकडं जातो. लोक त्याला आपल्या हरवलेल्या माणसाचा जुना फोटो देतात आणि तो माणूस आता, झॉम्बी होऊन, कसा दिसत असेल ते चित्र काढून घेतात. शेवटी कुठंच जमत नाही आणि बेनीला मोठ्या भावाच्या, टॉमच्या, हाताखाली जावं लागतं. ह्याच भावाला तो लहानपणापासून भेकड समजत आलाय.

'द एनिमी' चार्ली हिग्सन ह्या ब्रिटिश लेखकाचं, २००९ सालचं. इथं गाव नाही, लंडन आहे, आणि मोठं माणूस शहाणं उरलेलं नाही. रोगानं चौदा वर्षांवरचा जो तो मेला किंवा पोरांना खाणारा झाला. खरं म्हणजे हे झॉम्बी मेलेलेही नाहीत. आजारी, फोडांनी भरलेले, जिवंत आईबाप आहेत. पोरांची एक टोळी मोठ्या किराणा दुकानात राहते. दुकान कधीच रिकामं झालंय. पोरं रोज बाहेर पडतात, आणि जवळचं सगळं शोधून झाल्यामुळं रोज थोडं लांब जावं लागतं. मग एक मुलगा निरोप घेऊन येतो की बकिंगहॅम पॅलेसमध्ये पोरं सुरक्षित आहेत, तिकडं चला. शहर ओलांडून तिथवर जायचं, ही गोष्ट.

आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

भुकेच्या, टंचाईच्या बाबतीत 'द एनिमी' सरस आहे आणि लातूरच्या वाचकाला ते पहिल्या पन्नास पानांतच कळेल. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला त्यांना रोज थोडं लांब जाणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर आला की वर्षानुवर्षांची शेजारीण घागर पुढं सरकवताना नजर चुकवायची. हिग्सननं ती नजर पकडलीय. सुरुवातीलाच पोरं एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात शिरतात, तिथं खाऊचं यंत्र अजून भरलेलं दिसतं, आणि उपाशी पोरांना थांबवणं पुढारी पोरालाही जमत नाही. पुढं राजवाड्यात पोहोचल्यावर प्रश्न बदलतो. तिथं भाजीपाला लावलाय, शिस्त आहे, एक हुशार पुढारी आहे. पण ज्याच्या ताब्यात अन्न, त्याचं किती ऐकायचं? दहावी-अकरावीतल्या पोरांनी हे वाचून आपापसात भांडावं असं मला मनापासून वाटतं.

मॅबेरीकडं रेशन आहे, पण पोट आत गेलेलं जाणवत नाही. त्याच्या गावात खेळायला झॉम्बींच्या चित्रांची पत्तेवजा कार्डंसुद्धा मिळतात. टंचाईचं पुस्तक हवं असेल त्यानं ते घेऊ नये.

तरीही माझं मत 'रॉट अँड रुइन'कडं झुकलं, आणि त्याला कारण टॉमचा धंदा.

गावकऱ्यांना वाटतं टॉम झॉम्बी मारतो. बेनीलाही वाटतं. तो भावाबरोबर पहिल्यांदा कुंपणाबाहेर जातो तेव्हा कळतं ते वेगळंच. घरचे लोक टॉमला पैसे देतात ते आपलं माणूस शोधून त्याला शांत करण्यासाठी. टॉम त्या घरात जातो, त्या देहापुढं उभा राहतो, घरच्यांनी लिहून दिलेलं पत्र वाचून दाखवतो आणि मगच सुरा काढतो. बायकोचं पत्र, लेकरांचं पत्र. ऐकणारा ऐकू शकत नाही. तरी पूर्ण वाचायचं, गाळायचं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दहाव्याचा घाट आठवला. पिंडाला कावळा शिवत नाही, सगळे ताटकळलेत, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, "पोरीचं लगीन आम्ही करू, काळजी करू नका." टॉम तेच करतो. गेलेल्याला सांगतो की मागचं आम्ही बघतो, तुम्ही सुटा. आपल्या घरातल्या मुलाला हे पान परकं वाटणारच नाही.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात ढिगारा झाली. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती, वरून धाब्याची माती. आई सांगते, पडलेल्या घरांचीच लाकडं चितांना लागली, आणि एका चितेवर किती जणांना ठेवलं हे मोजायला कुणी शुद्धीत नव्हतं. कुणाला नावानं निरोप मिळाला, कुणाला नाही. किल्लारीची पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, तिची पोरं कॉलेजात आहेत. ज्या घरात असं न बोललेलं काही पडून आहे, त्या घरातल्या पोराच्या हाती मी टॉमचं पुस्तक आधी देईन. त्यात मेलेल्याला राक्षस म्हणायला बेनी हळूहळू कचरू लागतो, आणि जिवंत माणसांतले राक्षस त्याला ओळखू येऊ लागतात. पैशासाठी झॉम्बींचा छळ करणारे शिकारी त्यात आहेत, आणि पोरांना झॉम्बींशी झुंजवून पैजा लावण्याचा गलिच्छ धंदाही आहे. ती पानं जड आहेत हे आधीच सांगून ठेवते.

हिग्सनला मेलेल्यांसाठी, किंवा आजारी आईबापांसाठी, थांबायला फुरसत नाही. त्याची पोरं लढतात, पळतात, आणि पटापट मरतात. ज्याला तुम्ही नायक धरून चाललात तो पुढच्या प्रकरणात असेलच असं नाही. काही वाचकांना ह्यातच थरार वाटेल. माझ्या भाचीसारखी, एका पात्राचा हात धरून चालणारी वाचक असेल तर तिला मधेच सोडून दिल्यासारखं होईल.

रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. मी दोन्ही पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली. मराठी किंवा सेमी माध्यमातल्या मुलाला मॅबेरी सोपा जातो, कारण गोष्ट एकट्या बेनीच्या मागून चालते आणि संवाद बरेच आहेत. हिग्सनची वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी, पण पात्रं ढीगभर आणि बोली लंडनच्या पोरांची, तिथं पहिल्यांदा अडखळायला होतं. नावांची एक यादी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं करत गेलं की निभतं. मॅबेरीची ही मालिका चार पुस्तकांची, २०१३ मध्ये पुरी झाली, आणि पहिलं पुस्तक एकटं वाचून ठेवून दिलं तरी गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते. हिग्सनची सात, २०१५ पर्यंतची, आणि पहिल्याच्या शेवटी तुम्ही अधांतरी राहता. शिवाय दुसरं पुस्तक मागं जातं, रोग सुरू झाला त्या दिवसांत. परीक्षेच्या वर्षात सात पुस्तकांचा नाद लागणं परवडेल का, हे ज्याचं त्यानं बघावं. रक्त, पू, किळस हिग्सनकडं जास्त. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला मी दोन्हींतलं एकही देणार नाही.

ह्या दोघांत मन बसत नसेल तर आणखी तीन नावं. कॅरी रायनचं 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ', २००९. जंगलातलं कुंपणबंद गाव, धर्माचा कारभार बघणाऱ्या बायका, आणि समुद्र बघायचाच म्हणणारी मेरी. लग्न कुणाशी हे दुसरे ठरवतात त्याची घुसमट रायननं फार नेमकी लिहिलीय, झॉम्बी मागं पडतात. प्रेमाच्या गुंत्याचा कंटाळा असेल तर घेऊ नका.

जस्टिना आयर्लंडचं 'ड्रेड नेशन', २०१८. अमेरिकेतल्या यादवीत, १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावर मेलेले सैनिक उठतात, आणि मग कायदा होतो की कृष्णवर्णीय आणि आदिवासी पोरांनी लढाईच्या शाळेत जायचं, गोऱ्यांच्या रक्षणासाठी. मरणाच्या तोंडाशी कुणाची पोरं उभी करायची हे जन्मावरून ठरतं. ज्या मराठवाड्यानं विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं लढा पाहिला, तिथं हे पुस्तक समजायला तळटीप लागू नये. इंग्रजी मात्र थोडं मुरलेलं हवं. बारावीनंतर घ्या, पण घ्याच.

तिसरं कोर्टनी समर्सचं 'धिस इज नॉट अ टेस्ट', २०१२. सहा पोरं शाळेत कोंडून घेतात, बाहेर झॉम्बी. त्यातल्या स्लोनला हे सगळं व्हायच्या आधीपासूनच जगायचं नव्हतं. घरात मार खाणारी मुलगी आहे ती. पुस्तक खरं आहे, म्हणूनच मी ते होस्टेलवर एकट्या राहणाऱ्या पोरीच्या हाती नुसतं सोपवणार नाही. बरोबर वाचावं, पन्नास पानांनी विचारावं, काय वाटलं. आणि वाचणाऱ्याच्याच मनात तसं काही घोळत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून कुणातरी मोठ्या माणसाशी बोलावं. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

भाचीनं शेवटी 'रॉट अँड रुइन' नेलं. 'द एनिमी' तिच्या तेरा वर्षांच्या भावाला उदगीरला पाठवलं. तो एका जागी दहा मिनिटं बसत नाही आणि सुट्टीत गल्लीतल्या पोरांची टोळी घेऊन देवगिरी किल्ल्याचे खेळ खेळतो: खंदक कुठला, अंधारी कुठली, वर किती दिवस पुरेल एवढं पाणी. त्याला एक नायक नकोय, टोळीच हवीय. आठ दिवसांत त्याचा फोन आला, दुसरा भाग कधी पाठवायलीस म्हणून.

भाची तिसऱ्या रविवारी आली ती अर्ध्यावर होती. जेवताना गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, आजोबांच्या वेळी मी परीक्षेमुळं आलेच नव्हते की. आता पत्र लिहिलं तर चालतंय का?" मी तिला वही आणि पेन दिलं आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेले.