दादर-नाचणीची ‘आरोग्यदायी’ बिस्किटे: पुढून दादर, मागून मैदा

जळगावच्या किराणा दुकानांत सध्या ‘दादर-नाचणी’ या नावाची बिस्किटे दर्शनी फळीवर मांडलेली दिसतात. वेष्टन हिरवे, त्यावर दादर या ज्वारीच्या वाणाचे भरलेले कणीस, खाली ‘गुळाचा गोडवा’ आणि ‘तंतुमय पदार्थांनी भरपूर’ ही दोन आश्वासने. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला पिकणाऱ्या दादरचे नाव खान्देशात आदरानेच घेतले जाते, आणि उत्पादकाने नेमक्या त्याच आदराला हात घातला आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून अशा मालाची रेलचेल झाली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

पाकीट उलटे केल्यावर मात्र वेगळाच पदार्थ हाती येतो. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि ज्या घटकाची वेष्टनावर जाहिरात केली त्याचे प्रमाणही द्यावे लागते, म्हणूनच निदान एवढे तरी कळते: पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि चौथ्या क्रमांकावर दादरचे पीठ, तेही अवघे 8 टक्के. गूळ 3 टक्के आणि नाचणी 2 टक्के. मैद्याच्या गोड बिस्किटात दादर चवीपुरती घातली आहे, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

पोषणमूल्यांचा तक्ता याहून बोलका आहे. 100 ग्रॅममध्ये तंतुमय पदार्थ 2.1 ग्रॅम आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनुसार घन पदार्थाला तंतुमय पदार्थांचा नुसता ‘स्रोत’ म्हणवण्यासाठी 100 ग्रॅममागे किमान 3 ग्रॅम आणि ‘भरपूर’ म्हणवण्यासाठी 6 ग्रॅम लागतात. म्हणजे जो दावा ठळक अक्षरांत केला आहे, त्याच्या खालच्या पायरीलाही हा माल पोहोचत नाही. साखर 24 ग्रॅम आहे. परंतु एका वेळच्या खाण्याचे प्रमाण दोन बिस्किटे, म्हणजे 16 ग्रॅम, असे धरल्याने त्या रकान्यात ती चार ग्रॅमांहूनही कमी दिसते. शाळेच्या डब्यात दोनच बिस्किटे देणारे घर मला तरी ठाऊक नाही.

दुकानात एक गृहस्थ हिरवा ठिपका आणि परवाना क्रमांक दाखवून ‘सरकारने तपासलेले आहे’ असे सांगत होते. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो आणि चौदा अंकी क्रमांक उत्पादकाकडे परवाना असल्याचे. दाव्यांच्या खरेपणाची हमी या दोहोंपैकी कशातही नाही.

चवीबद्दल तक्रार नाही. बिस्किटे खुसखुशीत आहेत, वेलदोड्याचा वास चांगला आहे आणि चहाबरोबर ती संपतातही लवकर. परंतु साध्या गोड बिस्किटांच्या जवळपास दुप्पट किंमत आपण ज्या दादरसाठी मोजतो, ती 200 ग्रॅमच्या पाकिटात जेमतेम 16 ग्रॅम भरते. गोड खाऊ म्हणून अधूनमधून घ्यायला हरकत नाही. मात्र घरातल्या मधुमेही माणसासाठी ‘गुळाची आहेत’ म्हणून कोणी ही आणत असेल, तर त्याने आधी साखरेचा रकाना वाचावा, आणि तोही 100 ग्रॅमचा.