वाळवंटी कोंबडीच्या नावाखाली माझे ६८,६५० रुपये गेले, अथणी-कागवाड-रायबागकडच्यांनी वाचा

माझे ६८,६५० रुपये गिळून बसलेला माणूस अजून उजळ माथ्यानं फिरतोय, आणि आता आपल्या बेळगाव जिल्ह्यात रायबागकडं पिल्लं विकतोय असं कळलं, म्हणून लिहितेय. लाज वाटतेच. भावकीत चार तोंडं चार बोलतात. पण मी गप्प बसले तर अजून दहा घरं बुडतील.

पिल्लं द्यायची, अंडी परत घेण्याचा करार करायचा आणि पसार व्हायचं, हा धंदा आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. २०१९ ला इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण सगळ्यांनी वाचलं, मीही वाचलं. कडकनाथ म्हणणाऱ्याला मी दारातनंच परत पाठवलं असतं. पण हा तसं म्हणालाच नाही. हा म्हणाला, "वैनी, अथणीच्या उन्हाला आपल्याकडची कोंबडी टिकत नाही. ही जैसलमेरची, वाळवंटातली. फलोदीला ५१ डिग्री गेलं होतं, तेव्हाबी हिनं अंडी दिली." मी मोबाईलवर बघितलं. फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ डिग्री खरोखरच गेलं होतं. एक खरी गोष्ट पुढं करायची आणि तिच्या आडून चार खोट्या खपवायच्या, ही त्याची रीत. आकडा खरा निघाल्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

हिशेब असा. पिल्लं ३००, दर ९५, म्हणजे २८,५००. नोंदणी फी २,१००. गाडीभाडं १,८००. 'वाळवंटी खाद्य' आठ गोण्या, २,४५० प्रमाणे १९,६००. औषधांचा डबा १,६५०. आणि अंडी परत घेण्याच्या कराराचं डिपॉझिट १५,०००. यातले ५०,००० बचत गटाकडनं उचललेले, त्याचा हप्ता आजही चालू आहे. पत्र्याच्या शेडला आमचे २२,३०० गेले ते वेगळेच. सगळ्या माद्या, वर्षाला २८० अंडी, १२ रुपयांनी खरेदी, असं बॉण्डवर लिहून दिलं होतं.

आता ती वेळ सांगते, जी आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पिल्लं उतरवली. प्रवासातनं आलेल्या पिल्लाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून पहिला घोट पाजतात, तसं एकेक हातात घेऊन मी पाजत होते. तपकिरी, अंगावर काळसर पट्टे, दिसायला गोजिरवाणी. दहा-बारा पिल्लं झाल्यावर बघते तर अंगठा आणि दोन बोटं चहाच्या चोथ्यासारखी रंगलेली. पाण्यावरही तांबूस तवंग. मी तिथल्या तिथं त्याला विचारलं, मुकाट्यानं घेतलं नाही. तो हसला, "वैनी, हॅचरीत, पिल्लं उबवतात तिथं, लसीचा स्प्रे मारतात, त्यात रंग असतो. कुठल्या पिल्लाला लस लागली ते कळावं म्हणून." मी नंतर खात्री केली. स्प्रे लसीत रंग घालतात हेही खरं! पण तो निळा, हिरवा किंवा लाल असतो, फिका असतो आणि लवकर उडून जातो. तपकिरी पट्टे ओढलेला नसतो. हे मला त्या घडीला कुणी सांगायचं? शेजारी पशुवैद्य उभा नव्हता, आणि गाडीवाला "लवकर करा" म्हणून हॉर्न मारत होता.

ती लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्यांची नर पिल्लं होती. हॅचरीवाले माद्या ठेवतात आणि नर कवडीमोलानं काढून टाकतात, कारण ते अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत. ती आणून, रंगवून, आमच्या गळ्यात मारली. पंखाची पिसं फुटली ती पांढरीशुभ्र. फोन केला तर म्हणे वाळवंटातल्या कोंबडीला आधी पांढरीच पिसं येतात, ऊन परतवायला, मागनं झडतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकजात सगळ्यांचे तुरे लाल होऊन वर आले. तीनशेत एक तलंग, म्हणजे मादी, नाही. तेव्हापासून फोन बंद.

आणि ऊन! "सावलीची सवय लावू नका, लाडावतात. पाणीबी कमी लागतं," असं तो सांगून गेला होता. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकते, त्यात पाणी जातं. उन्हाळ्यात ती नेहमीच्या दुप्पट पाणी पिते, वाळवंटातलीही पिते. राजस्थानात जे कोंबड्या पाळतात ते सावली, पाणी आणि पहाटेचं खाद्य यांवरच पाळतात. जात काटक असली तर चार डिग्री जास्त सोसेल, पण तापलेल्या पत्र्याखाली बिनपाण्याची जगणारी जात देवानं केलेली नाही. मेच्या एका दुपारी मी शेडमध्ये गेले तर पिल्लं पंख अंगापासून लांब धरून, मान लांबवून भांड्याभोवती पडलेली. भांड्यातल्या पाण्यात हात घातला तर चटका बसला. त्या एका दुपारी ७४ मेली. शेजारच्या मावशींनी ऊसाचं पाचट पत्र्यावर टाकायला लावलं, पश्चिमेला ओली पोती बांधली, गुळ-मीठ-पाणी ठेवलं, तेव्हा उरलेल्यांतली काही तगली. खाद्य दुपारचं बंद करून पहाटे आणि दिवस मावळताना द्या, हेही त्याच माउलीनं सांगितलं. ज्याला १९,६०० दिले त्यानं नाही. त्याच्या गोण्यांत मक्याचा भरडा आणि भाताचा कोंडा होता. गोणी उलटी करून शिवलेली, मूळ छापील नाव आतल्या बाजूला. औषधाच्या डब्यातली कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस बर्फाशिवाय, साध्या कॅरीबॅगेत. ही लस फ्रीजच्या थंडाव्यात राहिली नाही तर तिचं नुसतं पाणी होतं.

राहिले १११ कोंबडे. खाटकानं नगाला ११० रुपयांनी उचलले, १२,२१० आले.

आता साहेब लोकांचं ऐका. आधी सरकारी जनावरांचा दवाखाना. मेलेली पिल्लं घेऊन गेले तर "डॉक्टर कॅम्पला गेलेत, संध्याकाळी या." मेच्या उन्हात संध्याकाळपर्यंत त्यांचं काय होतं? मग म्हणाले, कुजलेल्याचं पोस्टमॉर्टेम होत नाही. म्हणजे कागद नाही. पोलीस ठाण्यात मराठीतला अर्ज हातातही धरला नाही. "कन्नडदाग बरदु तर्री." टायपिंगवाल्याला १५० देऊन कन्नडमध्ये करून नेला. तर म्हणे, पैसे महाराष्ट्रातल्या खात्यावर गेलेत, तिकडं जा. मिरजेच्या बाजूला गेले, तर तुम्ही कर्नाटकच्या, माल कर्नाटकात उतरला, तिकडं जा. एक साहेब तर म्हणाले, "माल मिळाला ना बाई? मग हा दिवाणी वाद." रंगवलेले कोंबडे माद्या म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय? बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा, आणि स्टेटमेंट दिलं की "साहेब बंदोबस्ताला." सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, तक्रार नोंदली, खातं गोठवलं, आत शिल्लक २१३ रुपये. सीमाप्रश्नावर भाषणं करायला दोन्हीकडची माणसं हजर असतात. सीमेवरच्या बाईचा अर्ज घ्यायला मात्र कुठलंच राज्य आपलं नसतं.

यातलं बरंच मला एका वकीलभाऊंनी मागनं सांगितलं, तुम्ही आधीच लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हद्दीचं कारण सांगितलं की कलमाचा आकडा सांगा, आवाज बदलतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी बेळगावला टाकलाय. तिथं "तुम्ही धंदा करता, ग्राहक नव्हे" असं समोरचा म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेलं त्यात धरत नाहीत, हे अर्जातच लिहा.

पावतीवर जात, नर की मादी, पिल्लं निघाल्याची तारीख आणि मॅरेक्स रोगाची लस टोचली की नाही, हे लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'पिल्ले ३००' होतं, तिथंच त्याचं फावलं. ओलं पांढरं फडकं पिल्लाच्या पाठीवर घासा, पैसे देण्याआधी. अंडी परत घेणारा डिपॉझिट मागत असेल तर त्याला दारातनं घालवा. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. नव्या जातीचं नाव सांगितलं तर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत बघा. राजस्थानची मेवाडी त्यात आहे, पण मेवाड म्हणजे उदयपूरचा डोंगराळ भाग, जैसलमेर नव्हे. परसातल्या चार कोंबड्या पाळायच्या तर आपल्या बेंगळूरच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज किंवा स्वर्णधारा, हैदराबादची वनराजा, ग्रामप्रिया या सरकारी जाती आहेत. उन्हाळ्यात पिल्लं आणूच नका, पाऊस लागल्यावर आणा.

रायबाग, अथणी, कागवाड किंवा जतच्या बाजूला ज्यांनी 'वाळवंटी' म्हणून पिल्लं घेतलीत, त्यांनी बॉण्ड, पावती, उलट्या शिवलेल्या गोण्या टाकून देऊ नका. मेलेल्या पिल्लांचे तारखेसह फोटो काढा. एकटीचा अर्ज टेबलाखाली जातो. वीस जणांचा एकत्र गेला तर 'दिवाणी वाद' म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आणि ज्यांनी अजून डिपॉझिट भरलेलं नाही, त्यांनी आज भरू नका. दर आता ११० केलाय म्हणे त्यानं.