एफडी म्हणून सही केली, निघाली वीस वर्षांची पॉलिसी

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टूल रूममध्ये मी २८ वर्षं काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीआरएसची नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती हे नुसतं नाव होतं. अर्ज न भरणाऱ्यांची बदली परराज्यातल्या प्लांटला होणार, हे सुपरवायझरने आम्हाला चहाच्या टपरीवर आधीच सांगून ठेवलं होतं. मी तेव्हा ५६ वर्षांचा. बायकोचे गुडघे गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. अर्ज भरला.

हिशेब असा झाला. व्हीआरएसचे ९ लाख. ग्रॅच्युइटी ४ लाख २० हजार (बेसिक आणि डीए मिळून २६ हजार, त्याला २६ ने भागून १५ दिवसांचे १५ हजार, गुणिले २८ वर्षं). पीएफचे साधारण १४ लाख. आयुष्यात एवढी रक्कम मी एकत्र पाहिली नव्हती. आणि हीच शेवटची, याच्यानंतर काही येणार नाही, हेही कळत होतं. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन ५८ पूर्ण झाल्यावर. आधी घेतली तर ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमचे कापतात, म्हणून थांबायचं ठरवलं.

मधली दोन वर्षं कशी काढायची, म्हणून नोकरी शोधायला लागलो. चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडे चकरा मारल्या. वय ऐकलं की समोरचा माणूस बायोडाटा उलटा करून ठेवायचा. एका ठिकाणी माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरानेच मुलाखत घेतली. त्याने मान खाली घालून सांगितलं, "सर, कंत्राटदाराकडून १६ हजारात घेता येईल, पण नाइट शिफ्ट करावी लागेल." त्या दिवशी घरी आलो आणि कुणाशी बोललो नाही. मनाची ही अवस्था मुद्दाम सांगतोय. एरवी मी भाजीवाल्याचा हिशेबही दोनदा तपासतो. तो माणूस न वाचता सही कशी करतो, हे या अवस्थेशिवाय समजणार नाही.

पैसे खात्यात जमा झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला. पगाराचं खातं याच शाखेत १५ वर्षं. तोपर्यंत एकदाही कुणी फोन केला नव्हता. "काका, मॅनेजर साहेबांनी भेटायला बोलावलंय." आत गेलो तर केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला. समोर तिशीचा तरुण, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. बोलणं इतकं गोड की वाटलं, घरातलंच पोर आहे. आईच्या तब्येतीची चौकशी केली, मुलीच्या लग्नाचं विचारलं.

मी म्हणालो, "मला एफडी करायचीय. नाहीतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची योजना आहे म्हणतात, ती बघतो."

तो म्हणाला, "काका, पोस्टाची योजना साठ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तुम्हाला अजून चार वर्षं आहेत."

हे पहिलं खोटं, आणि मला सगळ्यात महाग पडलेलं. ५५ ते ६० या वयात व्हीआरएस घेऊन किंवा निवृत्त होऊन बाहेर पडलेल्या माणसाला सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये पैसे ठेवता येतात. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. कमाल मर्यादा ३० लाख. त्या वेळी व्याज होतं ८.२ टक्के, दर तिमाहीला हातात. नुसत्या पाच लाखांवर तिमाहीला १०,२५० रुपये. मी सगळी रक्कम तिथे ठेवू शकलो असतो आणि पेन्शनसारखं घर चाललं असतं. ते तीन महिने त्या केबिनमधल्या एका वाक्यामुळे गेले.

मग त्याने एफडीचीच भीती घातली. "बँक बुडाली तर एफडीचे पाच लाखच मिळतात काका, वरचे गेले." पाच लाखांच्या विम्याची गोष्ट खरी आहे, आणि सहकारी बँकांत पैसे अडकलेली माणसं पुण्यात आपण सगळ्यांनीच पाहिलीत. म्हणून ते मनाला लागलं. "त्यापेक्षा आमची स्पेशल गॅरंटीड एफडी आहे. पाच लाख एकदाच भरायचे. पाच वर्षांत दहा लाख. वर जीवन विमा फुकट." हे त्याने बँकेच्या पॅडवर लिहूनही दिलं: ५ लाख, एक वेळ, ५ वर्षं, १० लाख. खाली रेघ मारली. पाडव्याचा आठवडा होता, "मुहूर्तावर करून टाकू" म्हणाला. पाडव्यानंतरच्या शुक्रवारी, १२ एप्रिलला, मी सह्या केल्या.

सह्या म्हणजे काय? त्याच्या टॅबवर बोट फिरवलं आणि माझ्या मोबाइलवर आलेले चार ओटीपी त्याला वाचून दाखवले. संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल येईल, म्हणाला. "ती कॉम्प्युटरची फॉर्मॅलिटी असते काका. सगळ्याला हो म्हणा. नाही म्हणालात तर फाइल अडकते." मी सगळ्याला हो म्हणालो. त्या कॉलवर एक मुलगी भराभर वाचत होती: हप्ता दरवर्षी, मुदत अमुक वर्षं, मान्य आहे का? मी हो. तेच रेकॉर्डिंग पुढे विमा कंपनीने माझ्याविरुद्ध ठेवलं.

खात्यातून गेले ५ लाख २२ हजार ५०० रुपये. वरचे साडेबावीस हजार कसले, विचारलं. "प्रोसेसिंग, नंतर ॲडजस्ट होतात." तिथेच मला कळायला हवं होतं. एफडी करायला जीएसटी लागत नाही. एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर तेव्हा साडेचार टक्के जीएसटी होता. पाच लाखांचे साडेचार टक्के म्हणजे बरोबर साडेबावीस हजार. कधी तुमच्या "एफडी"तून असे वरचे पैसे गेले असतील, तर पुढचं वाचत बसू नका, आधी कागद बघा.

कागद माझ्याकडेही आले होते, ईमेलवर. ते ईमेल मी वर्षभर उघडलं नाही.

मार्च २०२५ मध्ये मोबाइलवर मेसेज आला: तुमचा ५ लाख ११ हजार २५० रुपयांचा हप्ता १२ एप्रिलला खात्यातून कापला जाईल, शिल्लक ठेवा. मला वाटलं, चुकून आलाय. बँकेत गेलो तर तो मुलगा दुसऱ्या शाखेत गेलेला. त्याच्या जागी बसलेल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "काका, ही पॉलिसी आहे. हप्ता दहा वर्षं भरायचाय. मुदत वीस वर्षं."

वीस वर्षं. म्हणजे पैसे हातात येणार २०४४ साली, माझ्या ७६ व्या वर्षी. आणि तोवर भरायचे एकूण ५० लाख. माझ्याकडे आयुष्याचे मिळून २७ होते.

मी म्हणालो, बंद करा, माझे पैसे द्या. माझ्या पॉलिसीत दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर मूल्यच, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कमच नव्हती. म्हणजे एक हप्ता भरून थांबलो तर शून्य. दुसरा भरला, तर हमीने परत मिळणार एकूण भरलेल्याचे ३० टक्के. दहा लाखांचे तीन. पाच बुडाले ते वाचवायला आणखी पाच घालायचे आणि तीन घेऊन घरी जायचं. बाई म्हणाल्या, "दुसरा हप्ता भरून टाका, नाहीतर पहिलाही जाईल." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, अगदी याच शब्दांत. भरू नका. आधी खात्यावरची ऑटो डेबिटची संमती लेखी रद्द करून घ्या. मी ती केली नसती तर १२ एप्रिलला खात्यात उरलेले पैसेही गेले असते.

त्या रात्री मुलगी हडपसरहून आली आणि तिने पॉलिसीची सगळी पानं काढून माझ्यासमोर वाचली. प्रस्तावाच्या फॉर्मवर माझा व्यवसाय लिहिला होता "धंदा". वार्षिक उत्पन्न १८ लाख. मी बेकार होतो, आणि हे बँकेला माहीत होतं, कारण पगार त्यांच्याच खात्यात यायचा बंद झाला होता! बीपीची गोळी गेली दहा वर्षं चालू आहे, तिथे "आजार नाही". म्हणजे उद्या माझं काही बरंवाईट झालं असतं, तर बायकोच्या क्लेमवरही बोट ठेवलं असतं. पैशाइतकाच राग मला या ओळीचा आला. ज्या पोराने आईची तब्येत विचारली, त्यानेच हे भरलं होतं.

विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केलं. उत्तर आलं: ग्राहकाने व्हिडिओ पडताळणीत सर्व अटी मान्य केल्या आहेत, ३० दिवसांची फ्री लूक मुदत संपली आहे, तक्रार बंद. ही फ्री लूक मुदत काय असते, हे मला त्या उत्तरातून कळलं. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत कारण काहीही असो, परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे मिळतात. माझे ३० दिवस न उघडलेल्या ईमेलमध्ये गेले.

पुढचा भाग सांगायला जीभ जड होते. पण हा धोका पहिल्यालाच चिकटून येतो, म्हणून सांगतो. मे महिन्यात हिंदीत फोन आला, "बीमा लोकपाल कार्यालयातून बोलतोय." (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं हे कार्यालय.) माझा पॉलिसी नंबर, जन्मतारीख, हप्त्याची रक्कम त्याने धडाधड सांगितली. तुमची तक्रार मंजूर झालीय, बोनससकट ६ लाख ८० हजार परत मिळणार, फाइल सोडवण्यासाठी ३८,५०० रुपये कर भरा, तोही परत येईल. बुडणाऱ्या माणसाला ते खरं वाटलं. बायकोला न सांगता भरले. चार दिवसांनी त्याने आणखी ६२ हजार मागितले, तेव्हा मुलीला सांगितलं. तिने तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार केली. पण चार दिवसांत पैसे खात्याखात्यांतून निघून गेले होते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर रक्कम मध्येच गोठवता येते, असं पोलिसांनी सांगितलं. लोकपाल कार्यालय कुणालाही फोन करून पैसे मागत नाही. तक्रार करायला तिथे एक रुपयाही लागत नाही.

खरं लोकपाल कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत, किंवा तिने महिनाभर उत्तरच दिलं नाही तर, तिथे जाता येतं. वकील लागत नाही. मी जूनमध्ये अर्ज दिला. सोबत व्हीआरएसचं पत्र (तारखेसकट, म्हणजे उत्पन्न १८ लाख कसं असेल?), बीपीच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, आणि बँकेच्या पॅडवरचा तो कागद. तो माझ्याकडे नव्हता. बायकोने वर्षभर कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवला होता. "अहो, पैशाचा कागद आहे, टाकायचा कशाला," एवढंच ती म्हणाली.

सप्टेंबरमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली. कंपनीच्या माणसाने रेकॉर्डिंग लावलं, माझं हो-हो ऐकवलं. मग मला विचारलं गेलं की दरवर्षी पाच लाख तुम्ही कुठून भरणार होता? मी म्हणालो, साहेब, हेच मला कुणी त्या दिवशी विचारलं असतं तर मी सही केली नसती. ऑक्टोबरमध्ये निकाल आला, पॉलिसी रद्द करून भरलेली रक्कम परत द्यावी. नोव्हेंबरमध्ये पैसे आले, बिनव्याजी. ३८,५०० गेले ते गेले. पोस्टाची योजना मला आता साठीनंतरच.

आमच्या कंपनीत यंदा दुसरी यादी लागली, बहुतेक सगळे पन्नाशीचे. मी दोन दिवस गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. चेक जमा झालेल्यांना एकच विनंती केली की बँकेतून आणलेला कागद मला दाखवा. ग्राइंडिंगमधल्या एकाने मोबाइल पुढे केला. ४ लाखांची "गॅरंटीड एफडी", हप्ते भरण्याचा कालावधी १२ वर्षं, व्यवसाय "धंदा". पॉलिसीचं ईमेल येऊन २२ दिवस झाले होते. चहा तसाच ठेवून आम्ही रिक्षाने विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो, फ्री लूकचा अर्ज लिहिला. समोरचा माणूस म्हणाला, "ठेवून जा, बघतो." आम्ही उठलो नाही. पाऊण तासाने त्याने शिक्का आणि तारीख टाकून पोच दिली.