तीनशे किलोचा लटकता काटा: शेळ्या पाळणाऱ्यांनी घ्यावा का?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर अडीच हजारांच्या आसपास मिळाला. तीनशे किलो क्षमता, शंभर ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो, वर-खाली हूक, लाल आकडे. भंगाराच्या धंद्यासाठी का, असं दुकानदाराने विचारलं. शेळ्यांसाठी म्हटल्यावर तो हसला, पण मग आणखी एक जाड हूक फुकट दिला.

मी राहते भांडुपला. शेळ्या मुरबाडच्या घरी, दादाकडे. बहुतेक उस्मानाबादी, काळ्या. बाजारात काटा असतोच, तो वेगळा कशाला घ्यायचा, असं दादाचं म्हणणं होतं. पण मला तो विकताना नको होता. कुठली शेळी ठेवायची आणि कुठला बोकड पैदाशीला राखायचा, हे ठरवायला हवा होता. विकायच्या आधी महिनाभर मका चारून दर वाढत नाही. दर ठरतो तो दीड वर्ष आधी, शेळी कुठल्या बोकडाला दाखवली तिथे.

त्याआधी आम्ही टेप वापरायचो. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले 660, की किलो येतात. तीस इंच घेर आणि अठ्ठावीस लांबीच्या बोकडाचे अडतीस आले. काट्यावर तो भरला 36.4. मोठ्या जनावराला एवढा फरक चालून जातो. अडीच किलोच्या नवजात करडाला टेप लावून काहीच कळत नाही, आणि नोंद तर तिथूनच सुरू करायची असते.

खरा उपयोग झाला तो दूध तोडताना. एका शेळीचं एकुलतं करडू तीन महिन्यांत 11.4 किलो झालं. दुसरीची जुळी, 8.2 आणि 7.9. दादाची नजर अर्थातच त्या दांडग्यावर. ‘हाच राखायचा, बघ कसा भरलाय.’ मी म्हटलं, दादा, एकेका करडाचं वजन नको बघू, आईने एकूण किती किलो दिले ते मोज. एकीने साडेअकरा किलोही दिले नाहीत, दुसरीने सोळाच्या वर दिले, तेही तेवढ्याच चाऱ्यावर. एकट्याला सगळं दूध मिळालं म्हणून तो मोठा दिसतो. जुळ्यातला राखला. नऊ महिन्यांचे होईतो दोघांतला फरक दीड किलोवर आला होता. आता हा बोकड आपल्याच बहिणींवर जाऊ नये म्हणून दुसऱ्या गावच्या कळपाशी अदलाबदल करायची आहे. ते काम काट्याचं नाही, वहीचं.

बकरी ईदच्या विक्रीला मात्र काटा अर्धाच कामाचा. देवनारच्या बकरा बाजारात गिऱ्हाईक आधी वयासाठी दात बघतं, मग कान, शिंग, पाय. शिंग मुळापासून तुटलेलं असेल तर वजन कितीही असो, कुर्बानीला चालत नाही. राजस्थानातल्या सोजतचा पांढरा, गुलाबी कातडीचा, लांब कानाचा बोकड नगावर जातो. आमच्या काळ्याला तो भाव नाही, आणि मी त्याची अपेक्षाही धरत नाही. शिवाय ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते: 2024 ला 17 जून, 2025 ला 7 जून. वर्ष पुरं झालेला, दोन दाती (दुधाचे पडून पुढचे दोन पक्के दात आलेला) बोकड हवा तर पाच महिने गाभणकाळ धरून उलटं मोजावं लागतं. आमची गाभ धरण्याची वेळ त्यामुळे साधारण दर तीन वर्षांनी एका महिन्याने अलीकडे घ्यावी लागते.

बाकी वर्षभर विक्री खाटकाला, जिवंत वजनावर, तिथे काटा पैसे वसूल करतो. ‘बत्तीस भरेल’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला सकाळी उपाशीपोटी घेतलेलं वजन सांगितलं की बोलणं लवकर आटोपतं. पाणी पाजून वजन वाढवायची हुशारी करू नका, ते लोक पोटाला हात लावून ओळखतात.

आता तक्रारी. उन्हात आकडे दिसत नाहीत, म्हणून गोठ्याच्या तुळईलाच टांगतो. दोन-तीन मिनिटं हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो, आणि अडेलतट्टू बोकडाला झोळीत घालेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. मग झोळीचं वजन पुन्हा शून्य करा. झोळी सोबत येत नाही. आम्ही जुन्या ताडपत्रीला पायांसाठी चार भोकं पाडून शिवली. ‘होल्ड’चं बटण मात्र उत्तम: जनावर हललं तरी आकडा धरून ठेवतं.

आणि एक. या काट्यावर वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजनमापे खात्याचा, शिक्का नाही. घरच्या नोंदींना चालेल. त्यावर तोलून माल विकायचा असेल तर पडताळणी केलेला, शिक्क्याचाच घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. दहाच्या आत शेळ्या असतील तर शेजाऱ्याशी भागीत घेतलेला पुरेल. पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या आपोआप बंद होण्यापायी कापला, एक झोळीपायी.