उमादेवीची तबकडी आणि लक्ष्मीपुरीतला जिना

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत एका बाइंडिंगवाल्याच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की एक छोटी खोली आहे. पाटीबिटी काही नाही. जुन्या तबकड्या, कॅसेटी, लग्नाच्या व्हीएचएस असलं सगळं तिथं पेनड्राइव्हवर उतरवून मिळतं. मागच्या महिन्यात मी आईची एक तबकडी नेली होती. आधीच सांगते, काम चोख आहे, पण वेळेच्या बाबतीत शब्द धरून बसू नका.

तबकडी 1947 सालच्या ‘दर्द’ सिनेमाची. ‘अफसाना लिख रही हूँ’, गायिका उमादेवी, संगीत नौशादचं. लाखेची, 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे. हल्ली मिळणारी बरीचशी प्लेअर 33 आणि 45 वरच फिरतात. शिवाय 78 ची खाच रुंद, तिला सुई वेगळी लागते. आधी मी दुसरीकडं गेले होते, तिथं त्या गृहस्थानं न विचारता साध्या सुईवर लावायला घेतली. मी हातातनं काढूनच घेतली. इथल्या पोरानं मात्र तबकडी उजेडात धरून पहिलंच विचारलं, “काकी, अठ्ठ्याहत्तरची न्हवं ही? मग सुई बदलाय लागती.” मी निवांत स्टुलावर बसले.

मग त्यानं लेबलवरचं नाव वाचलं. “उमादेवी कोण ओ?”

“टुणटुण,” म्हटलं.

“ती सिनेमातली जाडी? काय सांगताय!”

त्याला काय बोलणार? आमच्याच घरात हे कुणाला माहीत नव्हतं. शाळेत पोरं मला टुणटुण म्हणायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत माझं खरं नाव निम्म्यांना ठाऊक नसेल. मी रडत घरी आले की आई मला गप्प करायला हीच तबकडी लावायची. नोव्हेंबर 2003 मध्ये टुणटुण गेली, तेव्हा पेपरात वाचलं की उमादेवी ती हीच. पेपर आईपुढं धरला. आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, “छापताना चुकलं असंल. हा आवाज त्या बाईचा न्हवं.” शेवटपर्यंत तिनं मानलं नाही.

उत्तर प्रदेशातली आईबापाविना वाढलेली पोर, पळून मुंबईला आली. नौशादच्या दारात उभी राहून ‘गाऊ दिलं नाहीत तर समुद्रात उडी घेईन’ म्हणाली, असं सांगतात. गाणं गाजलं, पण पुढं गाणी आटली. नौशादनंच सुचवलं, आता पडद्यावर ये. तर हिची अट काय, पहिलं काम दिलीपकुमारच्या सिनेमातच! 1950 च्या ‘बाबुल’मध्ये तसंच झालं, आणि टुणटुण हे नावही तिथंच पडलं. हिंदी सिनेमातली पहिली विनोदी नटी म्हणून तिचं नाव घेतात. मला कितीतरी वर्षं तिचं काम बघवायचं नाही, थेटरात लोक हसले की वाटायचं मलाच हसतायत. आता ‘प्यासा’ किंवा ‘मिस्टर अँड मिसेस 55’ बघताना कळतं, जाडेपणावरचा विनोद लिहिणाऱ्याचा होता, पण वाक्याआधी इवलंसं थांबणं तिचं. गाणारीच होती शेवटी, सम कुठं येते ते तिला ठाऊक.

असो, कामाचं बोलू. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा “होतंय की काकी”. पहिल्यांदा ऐकलं तर आवाज चिरका, वेग किंचित जास्त. आईबरोबर लहानपणापासून गुणगुणलेलं गाणं, माझा सूर लागेना म्हणून कळलं, नाहीतर तशीच घेऊन आले असते. पोरानं कुरकुर न करता समोर बसवून पुन्हा केलं. मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं, गोल गोल, धूळ काढली. स्पिरिट लावलं नाही, लाख विरघळते म्हणाला. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दोन फायली देतो, एक खरखर काढलेली, एक आहे तशी. दोन्ही मागून घ्या. साफ केलेली ऐकलीत तर बाई डोक्यावर वाकळ घेऊन गातेय असं वाटतं. खरखरीबरोबर तिनं घेतलेला श्वासही गेलाय. कच्च्या फायलीत तो आहे. कडव्यात एके ठिकाणी टिकटिक होते, तिथं आमच्या घरच्या फोनोची सुई अडकायची आणि आई स्वयंपाकघरातनं ओरडायची, “हळू उचल गं!” ती टिकटिक काढू नको म्हणून मी त्याला दटावून सांगितलं.

एका बाजूचे 250 रुपये, पेनड्राइव्ह आपला. मागची बाजू पार खरचटलीय, ती त्यानं घेतलीच नाही आणि पैसेही लावले नाहीत. पाकिटावर मात्र ‘टुणटुण काकी’ असं लिहून दिलंय. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

सोमवारी बंद असतं. तबकडी टॉवेलात गुंडाळून, उभी धरून न्या. जिन्याला कठडा डाव्या बाजूलाच आहे, तेव्हा चढताना ती उजव्या हातात ठेवा.