लोणारी कोळशाच्या गॅसवर पंपाचे इंजिन: नागपुरात बनलेल्या एका गॅसिफायरचे परीक्षण

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपने बनवलेला लोणारी कोळशाचा गॅसिफायर (कोळशापासून जळाऊ गॅस बनवणारे यंत्र) आम्ही काटोल रस्त्यावरील संत्र्याच्या बागेसाठी घेतला आणि तेथील पाण्याच्या पंपाच्या १६३ सीसी पेट्रोल इंजिनाला जोडून उन्हाळा व पावसाळा अशा दोन्ही हंगामांत वापरला. संचाची किंमत सुमारे १६ हजार रुपये पडली. त्यात ६० लिटरची टाकी, हवेचे नोझल, गॅस थंड करण्याची नळी, फिल्टरचा डबा, हवा मिसळण्याचा व्हॉल्व्ह आणि १२ व्होल्टचा ब्लोअर एवढे साहित्य येते. ज्यांच्या शेतात पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) किंवा बाभळीच्या फांद्या निघतात आणि कोळसा स्वतः पाडून, चाळून ठेवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा संच निश्चितच उपयोगाचा आहे. कोळसा कसाही टाकला तरी इंजिन चालेल, अशा अपेक्षेने मात्र तो घेऊ नये, कारण या यंत्राचे निम्मे काम कोळसा तयार करतानाच झालेले असते.

यंत्राची रचना साधी आहे. टाकीत कोळसा भरायचा, खालच्या बाजूने नोझलमधून मोजकीच हवा आत घ्यायची आणि इंजिनाच्या ओढीने ती निखाऱ्यांतून जाऊ द्यायची. नोझलच्या तोंडाशी कोळसा पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तेथील तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तोच वायू पुढच्या लाल निखाऱ्यांतून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. इंजिनात जळतो तो हाच. कोळशात किंवा हवेत थोडे पाणी असेल तर त्यातून हायड्रोजनही मिळतो. हवेतील नायट्रोजन मात्र न जळता सोबत येतो आणि तयार गॅसमध्ये त्याचाच वाटा निम्म्याहून अधिक असतो, म्हणून हा गॅस पातळ, कमी उष्मांकाचा असतो. ही काही नवी युक्ती नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले, तेव्हा भारतातही बसगाड्या आणि मोटारी अशाच कोळशाच्या गॅसवर धावत होत्या.

लाकूड थेट जाळणाऱ्या गॅसिफायरपेक्षा हा प्रकार लहान इंजिनासाठी बरा, असे माझे ठाम मत झाले आहे. लाकडातून निघणारे डांबर व्हॉल्व्हच्या दांड्यावर चिकटले की इंजिन जाम होते आणि ते जाळून टाकण्यासाठी गॅसिफायरची रचना बरीच काटेकोर ठेवावी लागते. कोळसा पाडताना हे डांबर आधीच उडून गेलेले असते, त्यामुळे एवढी साधी टाकीही पुरते. उमरेड, कामठी परिसरात खाणी असल्याने दगडी कोळसा चालेल का, अशी विचारणा नागपुरात हमखास होते. त्यात डांबर आणि गंधक असते, राखही भरपूर निघते, म्हणून या संचात तो अजिबात टाकू नये.

ताकदीच्या बाबतीत विक्रेत्याने दिलेले आश्वासन पूर्णपणे खरे नाही. ‘पेट्रोलइतकीच ताकद’ असे माहितीपत्रकात छापले आहे, तसे होणे शक्यच नाही. पेट्रोल आणि हवेच्या एक घनमीटर मिश्रणात साधारण पावणेचार मेगाज्यूल ऊर्जा असते, तर या गॅसच्या आणि हवेच्या मिश्रणात ती अडीचच्या आसपास भरते. म्हणजे एक तृतीयांश ताकद इथेच गेली. त्यातच गॅस गरम राहिला तर सिलिंडरमध्ये त्याचे वजन कमी भरते आणि आणखी घट येते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा संचासोबत मिळणारी कूलिंगची नळी हाताला चटका देण्याइतकी तापलेली असते आणि पंपाची धार बारीक झालेली स्पष्ट दिसते. त्या नळीवर ओले पोते गुंडाळून ठेवल्यावर इंजिनाचा आवाज पुन्हा भरदार झाला. विक्रेत्याने विदर्भासाठी ही नळी निदान दुप्पट लांबीची द्यायला हवी.

याशिवाय हा गॅस सिलिंडरमध्ये पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी लवकर पडावी लागते. लहान इंजिनांत ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे टायमिंग फ्लायव्हीलच्या चावीने कायमचे बसवलेले असते. ते बदलायचे असेल तर काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. आम्ही टायमिंगला हात न लावता इंजिन वापरले आणि ठिबकाच्या एका भागाला पाणी देण्यापुरती ताकद त्याने दिली. ज्यांना नदीवरून उंच पाणी चढवायचे आहे, त्यांनी गरजेपेक्षा मोठे इंजिन घ्यावे.

खर्चाचा हिशेब करताना दीड किलो चांगला, कोरडा कोळसा म्हणजे एक लिटर पेट्रोल असे ढोबळ प्रमाण धरावे. आमच्या इंजिनाला पूर्ण भारावर तासाला सव्वा किलोच्या आसपास कोळसा लागतो. टाकी भरून घेतली तरी नोझलवर निखाऱ्यांचा थर राहावा म्हणून तळाचा कोळसा संपू द्यायचा नसतो, त्यामुळे सगळा कोळसा वापरता येत नाही. बाभळीच्या कोळशावर एका भरणीत सलग पाच-सहा तास पंप चालतो, पऱ्हाटीच्या हलक्या कोळशावर तेवढा वेळ मिळत नाही. नागपुरात पेट्रोल लिटरमागे शंभरी ओलांडून गेले आहे, तेव्हा घरचा कोळसा असेल तर फायदा उघड आहे. कोळसा टालावरून आणायचा असेल तर दीड किलोचा भाव आणि एका लिटरचा भाव शेजारी मांडून पाहावा, आणि चाळताना जाणारी भुकटीही त्यात धरावी.

आता कोळशाविषयी. आमच्याकडे कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवून देण्याची पद्धत आहे. गुलाबी बोंडअळीचा पुढचा हंगाम टाळायचा तर पऱ्हाटी शेतातून काढावीच लागते, पण ती उघड्यावर जाळली की धुराखेरीज काहीच उरत नाही. तीच पऱ्हाटी पूर्ण वाळवून २०० लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये उभी भरली, वरून पेटवली आणि पिवळ्या ज्वाळा ओसरून निळसर होऊ लागताच ड्रम झाकून सगळ्या फटी मातीने लिंपल्या, तर दुसऱ्या दिवशी आत खणखणीत कोळसा मिळतो. चार-पाच किलो वाळलेल्या काडीला एक किलो कोळसा, असा उतारा धरावा. तुकडा मोडताना काचेसारखा आवाज आला आणि हाताला तेलकट काळेपणा न लागता कोरडी पूड लागली, तर कोळसा पक्का झाला असे समजावे. मधे तपकिरी गाभा दिसला तर तो तुकडा बाजूला काढून पुढच्या भट्टीत टाकावा, कारण त्यातले डांबर थेट इंजिनात जाते.

यानंतर चाळणीचे काम येते आणि माझ्या मते संपूर्ण पद्धतीचा कस इथेच लागतो. वाळू चाळायच्या जाळीतून मोठे तुकडे वेगळे करून ते ठेचायचे आणि गहू चाळायच्या चाळणीतून भुकटी खाली पाडायची. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे तुकडे या नोझलला सर्वांत चांगले मानवतात. मोठे तुकडे टाकले तर मधल्या पोकळीतून कार्बन डायऑक्साइड तसाच निसटतो आणि गॅस कमकुवत होतो. भुकटी राहिली तर हवेची वाट बुजते आणि इंजिन गुदमरते. पऱ्हाटीच्या मुळांना माती चिकटलेली असेल तर ती नोझलपाशी राखेसह वितळून घट्ट खडे बनवते आणि ते छिन्नीनेच काढावे लागतात, म्हणून मुळाकडचा भाग आधीच तोडून टाकावा. खाली पडलेली भुकटी शेणखतात मिसळून झाडांच्या आळ्यात टाकता येते. पावसाळ्यात कोळसा हवेतील ओल धरतो, त्यामुळे तो झाकणबंद पिंपातच ठेवावा. एवढा सगळा तपशील माहितीपत्रकात ‘योग्य कोळसा वापरावा’ या एका ओळीत गुंडाळला आहे, हे खटकते.

बांधणीत दोन दोष आढळले. पहिला नोझलचा. ते साध्या लोखंडी पाइपचे आहे आणि काही आठवड्यांच्या वापरातच त्याचे टोक झडून पाइप आखूड झाला. वर्कशॉपने तक्रार न करता ते बदलून दिले, पण पुन्हा साधाच पाइप बसवला. उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे नोझल बसवले आणि हवेसोबत थेंबथेंब पाणी किंवा इंजिनाच्या धुराचा थोडासा हिस्सा परत आत सोडला, तर तापमान आटोक्यात राहते आणि त्या वाफेचे, कार्बन डायऑक्साइडचे पुन्हा जळाऊ वायूत रूपांतर होते. दुसरा दोष झाकणाच्या रबरी गास्केटचा आहे. ते उष्णतेने कडक होते आणि फट पडून वरून हवा शिरते. त्याजागी ग्लासफायबरची दोरी बसवल्यावर गळती थांबली.

फिल्टर मात्र मनापासून आवडला. आधी चक्राकार फिरवून जड धूळ खाली पाडणारा डबा आणि मग तेल लावलेला स्पंज व कापड, अशी ही रचना आहे. गॅसच्या तोंडावर पांढरे स्वच्छ फडके मिनिटभर धरले तेव्हा फक्त पुसट करडी छटा उमटली. फडके काळे झाले तर इंजिन त्या गॅसवर चालवू नये. तरीही इंजिनाचे ऑइल पेट्रोलपेक्षा लवकर बदलावे, कारण उरलेली बारीक धूळ शेवटी तेथेच जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेविषयी आहे. माहितीपत्रकात हा संच ‘घरगुती जनरेटरसाठी उपयुक्त’ असल्याचे लिहिले आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेखसुद्धा नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. डोके जड होणे आणि मळमळणे ही लक्षणे जाणवूनही दुर्लक्ष झाले किंवा वायू जास्त असला, तर माणूस उठून बाहेर जाण्याच्या अवस्थेत राहत नाही. म्हणून हा संच घरात, बंद शेडमध्ये, गच्चीवरच्या खोलीत किंवा विहिरीत उतरवलेल्या पंपापाशी कधीही लावू नये. तो उघड्यावरच असावा आणि वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे. बंद करताना हवेचे आणि गॅसचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटवून टाकी पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नये. हवेत १२.५ ते ७४ टक्के इतक्या मोठ्या मर्यादेत हा वायू स्फोटक असतो, आणि गरम टाकी उघडताच आत शिरलेली हवा भडका उडवू शकते. मी ही बाब वर्कशॉपच्या मालकांना लेखी कळवली आहे. त्यांनी पुढच्या छपाईत सूचना घालू असे सांगितले, पण माझ्या हाती आलेल्या नव्या पत्रकातही ती नाही. टाकीवरच ठळक मराठीत इशारा रंगवलेला असणे ही किमान अपेक्षा आहे.

डिझेल इंजिन असणाऱ्यांना विक्रेता हाच संच सुचवतो, तेव्हा एक गोष्ट समजून घ्यावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे ते केवळ या गॅसवर चालत नाही. पेट घेण्यासाठी थोडे डिझेल सतत द्यावेच लागते. शिवाय भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये लोणारी कोळशाची गणना वनोपजात केलेली आहे, तेव्हा कोळसा शेताबाहेर नेण्यापूर्वी वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागाच्या कार्यालयात करून घ्यावी.

हे सगळे मांडूनही मी हा संच ठेवला आहे आणि येत्या आंबिया बहारालाही तोच वापरणार आहे. घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी वर्कशॉपमध्येच तो पेटवून दाखवायला सांगावा, ब्लोअर लावून गॅसची ज्योत स्थिर जळते का ते पाहावे, झाकणाच्या कडेने आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे, आणि स्टेनलेसचे नोझल व लांब कूलिंग नळी ऑर्डर देतानाच लिहून घ्यावी. वर्कशॉप यासाठी जादा पैसे घेते, पण ते काम करून देते.